स्पेनला आपलं आपण जाताना : व्हिसापासून परतीच्या विमानापर्यंत

स्पेनला निघालेल्या मराठी माणसाला धास्ती असते ती भाषेची. तिथे इंग्रजी फारसं चालत नाही, मग आपलं कसं व्हायचं, हा घरातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न. भाषेची अडचण येते, पण ती फोनवर आणि हातवाऱ्यांवर निभावून जाते. माणसं अडतात ती घड्याळापाशी. दुपारी साडेचारला पोटात कावळे कोकलत असतात आणि रस्त्यावरच्या एकाही रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर चालू नसतं. सोमवारी मुद्दाम वाट वाकडी करून जावं तर म्युझियमला कुलूप. ग्रानादाच्या आल्हांब्रा या जुन्या किल्ल्यातल्या राजवाड्यात शिरायची वेळ साडेदहाची असते आणि आपण दारात पोहोचतो पावणेअकराला. हे टाळायचं तर दिवसाची आखणी तिथल्या वेळांना धरून, घरी बसूनच करावी लागते.

इथे मी माद्रिद आणि दक्षिणेकडचा आंदालुसिया, म्हणजे कोर्दोबा, सेविया आणि ग्रानादा, एवढाच भाग धरला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एवढंच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. दहा दिवसांत बार्सिलोनाही कोंबायचं म्हटलं की निम्मी सुट्टी स्टेशनांवर जाते.

कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. शाळेच्या सुट्टीमुळे अनेकांना मे महिनाच जमतो, आणि तो चांगलाच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र आंदालुसियाला जाऊ नका. कोर्दोबा-सेवियाच्या पट्ट्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. ऑगस्ट २०२१मध्ये कोर्दोबा प्रांतात तो ४७ अंशांच्याही वर गेला होता. आपल्याला उन्हाची सवय आहे हे खरं, पण दगडी गल्ल्यांतून दिवसभर पायी फिरायची नाही. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, ज्याला तिथे ‘सेमाना सांता’ म्हणतात, सेवियात मोठ्या मिरवणुका निघतात. बघण्यासारख्या असतात, पण त्या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात आणि संध्याकाळी रस्ते बंद असतात. मिरवणुकांसाठीच जाणार असाल तर खुशाल जा, नाहीतर तो आठवडा सोडून तारखा धरा.

व्हिसा

स्पेन शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांचे अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वकिलातीकडे जातात. कागदपत्रं आणि बोटांचे ठसे मात्र बीएलएस इंटरनॅशनल या कंपनीच्या केंद्रात द्यायचे असतात. निर्णय वकिलात घेते, केंद्र नाही. त्यामुळे ‘आमची आत ओळख आहे’ असं सांगणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण शंका निघाली तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत थांबवू शकतात. शिवाय भेटीची वेळ मिळायलाच वेळ जातो. म्हणून अडीच-तीन महिने आधी सुरुवात करा. जून २०२४पासून मोठ्यांचं शुल्क ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचं ४५, आणि त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा हवा. अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. पॅरिसला चार रात्री आणि स्पेनमध्ये तीन, असं असेल तर अर्ज फ्रान्सकडे जाईल. रात्री समसमान असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरीतल्या रजेचं पत्र, हॉटेलांची आरक्षणं आणि दिवसवार कार्यक्रम या सगळ्यांतल्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. कार्यक्रमात सेविया लिहायचं आणि त्या रात्रीचं हॉटेल ग्रानादाचं जोडायचं, अशा चुकीवर अर्ज अडतो.

‘इटियास’ नावाच्या परवान्याच्या जाहिराती दिसतील. तो व्हिसा लागत नसलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये शेंगेन सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली: पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन, ठसे तपासून नोंद होते. ही नोंद तुम्ही शेंगेनमध्ये पहिल्यांदा जिथे उतरता तिथे होते. विमान फ्रँकफर्टला बदलणार असेल तर तिथेच, म्हणून मधे वेळ भरपूर ठेवा आणि हॉटेल, विमा, परतीचं तिकीट यांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.

बॅगेत काय, काय नाही

बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, पनीर, तूप घरीच ठेवा. ताजी फळं, भाजी आणि कढीपत्ताही नको. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे बेलाशक न्या. मेतकुटाची छोटी पिशवी आणि सुपरमार्केटमधून घेतलेला तयार भात यावर दमलेल्या रात्री निभावतात.

तिथली विजेची खोबण गोल दोन पिनांची. आपल्या मोबाइल चार्जरची बारीक दोन पिनांची टोकं त्यात थेट बसतात. तीन पिनांच्या वस्तूंसाठी अडॅप्टर लागतो. रोजची औषधं मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

माद्रिदला उतरल्यावर

विमानतळापासून माद्रिदच्या मध्यभागापर्यंत टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे, सध्या ३३ युरो. सामान किंवा रात्रीची वेळ म्हणून वर काही द्यायचं नसतं. चौघांना हेच परवडतं. एकटे-दुकटे असाल तर २०३ क्रमांकाची पिवळी एक्स्प्रेस बस घ्या. ५ युरोत, चोवीस तास चालते. मेट्रो पहाटे सहा ते रात्री दीड चालते. तिला ‘मुल्ती’ नावाचं कार्ड लागतं आणि विमानतळावरून ३ युरो जादा.

हॉटेलात प्रत्येकाचा पासपोर्ट मागतात आणि पत्ता, फोन, ईमेल लिहून घेतात. हा कायदा आहे, डिसेंबर २०२४पासून जास्त काटेकोर झालेला. पासपोर्ट नोंद करून लगेच परत मिळतो.

खोलीत गेल्यावर पहिली गोष्ट: नळावर ‘सी’ अक्षर असेल तर ते गरम पाणी. थंडाच्या नळावर ‘एफ’ असतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगा. नळाचं पाणी माद्रिदला उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका. रेस्टॉरंटनी नळाचं पाणी फुकट द्यायला हवं असा २०२२चा कायदाही आहे. ‘आग्वा देल ग्रीफो’ म्हणून मागा.

दिवसाचं घड्याळ

नकाशावर स्पेन इंग्लंडच्या खाली येतो, पण १९४०पासून त्याचं घड्याळ जर्मनी-फ्रान्सबरोबर चालतं. त्यामुळे सूर्य उशिरा उगवतो, उशिरा मावळतो. जूनमध्ये माद्रिदला पावणेदहापर्यंत उजेड असतो. जेवणंही तशीच पुढे सरकलेली. भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, हे घरी फोन करताना लक्षात ठेवा.

दुपारचं जेवण दोन ते चार. रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात बहुतेक रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं बंद असतात. दरवाजा उघडा दिसतो, लोक कॉफी पीत बसलेले असतात, पण गरम जेवण मिळत नाही. मध्यवस्तीतल्या पर्यटकांच्या जागा दिवसभर चालू असतात, पण त्यांच्याकडे जेवून स्पेनचं जेवण कळत नाही आणि पैसेही जास्त जातात.

म्हणून दिवस असा लावा. सकाळी नऊ-साडेनऊला जवळच्या साध्या बारमध्ये न्याहारी. बार म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. सकाळी तिथे आजीबाई, शाळकरी मुलं आणि बँकेतले कर्मचारी सगळे असतात. ‘तोस्तादा कोन तोमाते’ मागा: भाजलेल्या लांबट पावावर किसलेला टोमॅटो, वरून ऑलिव्ह तेलाची धार आणि मीठ. तेलाची बाटली टेबलावरच असते, हात आखडता घेऊ नका. बरोबर ‘काफे कोन लेचे’, म्हणजे दुधाची कॉफी.

दोन वाजता मुख्य जेवण करा, आणि सोमवार ते शुक्रवार ‘मेनू देल दिया’ घ्या. एक पहिला पदार्थ, एक दुसरा, गोड किंवा फळ, पाव आणि पेय, सगळं मिळून ठरलेल्या किमतीत, साधारण १२ ते १६ युरो. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. कामावरची माणसं जिथे जेवतायत ती जागा निवडा. दुपारी असं भरपेट जेवलात की संध्याकाळी थोडक्यावर भागतं, आणि रात्री नऊपर्यंत मुलांना उपाशी ठेवावं लागत नाही.

सहाच्या सुमारास भूक लागलीच तर बारच्या काउंटरकडे बघा. काचेखाली बटाट्याच्या ‘तोर्तिया’ची जाडजूड वडी असते, अंड्यात बटाटा शिजवून केलेली. तिचा तुकडा कोणत्याही वेळी कापून देतात, स्वयंपाकघर बंद असलं तरी.

छोट्या गावांत आणि गल्ल्यांत दुकानं दुपारी दोन ते पाच बंद. बँका दुपारी दोनपर्यंतच. रविवारी आंदालुसियात सुपरमार्केट बंद असतं, तेव्हा शनिवारीच दूध, फळं, पाव घेऊन ठेवा. दारावरच्या वेळापत्रकात वारांची आद्याक्षरं असतात. त्यातलं ‘एक्स’ म्हणजे बुधवार. ‘फेस्तीवोस’ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. १५ ऑगस्ट, १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, ६ आणि ८ डिसेंबर, ६ जानेवारी या दिवशी जवळजवळ सगळं बंद धरूनच चाला.

शाकाहाऱ्यांनी

इथे जरा थांबून वाचा. स्पेनमध्ये शाकाहारी उपाशी राहत नाही, पण नुसतं ‘भाजीचं आहे का’ विचारून भागत नाही. वाळवलेलं डुकराचं मांस, ‘खामोन’, हे अनेकांच्या लेखी चवीपुरतं घालायची गोष्ट आहे. फरसबीच्या भाजीत ते असतं, कोर्दोबाच्या ‘साल्मोरेखो’ या टोमॅटोच्या दाट थंड सुपावर ते अंड्याबरोबर भुरभुरवलेलं असतं, ‘क्रोकेतास’ या तळलेल्या वळकट्यांमध्ये बहुधा असतंच. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या साध्या कोशिंबिरीवर ट्यूना मासा येतो. आणि ‘बोकादियो बेखेताल’ या नावाच्या सँडविचमध्येही ट्यूना आणि अंडं असू शकतं. डाळ-छोल्यांच्या रश्शाला हाडांचं पाणी असण्याचा संभव असतो.

तेव्हा वाक्य पूर्ण म्हणा: ‘सोय बेखेतारियानो’, बाई असाल तर ‘बेखेतारियाना’, आणि लगेच पुढे ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’. मांस नाही, मासा नाही, खामोनही नाही. अंडं चालत नसेल तर ‘सिन उएबो’. एखाद्या पदार्थाकडे बोट दाखवून ‘येबा कार्ने?’ (यात मांस आहे का?) विचारलं की ते आत जाऊन विचारून येतात. मला या लोकांचं हे फार आवडतं: एकदा समजलं की मनापासून काळजी घेतात.

बिनधास्त मागवण्यासारखं बरंच आहे. गास्पाचो हे टोमॅटोचं थंड सूप, पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, सेवियाचे पालक-छोले म्हणजे ‘एस्पिनाकास कोन गार्बान्थोस’ (यात जिरं असतं, आपल्या जिभेला लगेच ओळखीचं लागतं), कोर्दोबाची काकवी घातलेली तळलेली वांगी, आणि ‘पिस्तो’ ही ढोबळी मिरची-टोमॅटोची भाजी, जिच्यावरचं अंडं नको म्हणून सांगता येतं. ग्रानादात पेयाबरोबर छोटा पदार्थ फुकट येतो. तो तुमच्या पसंतीचा नसतो, म्हणून पेय सांगतानाच शाकाहारी असल्याचं सांगा. ‘पोल्व्होरोन’ आणि ‘मान्तेकादो’ या भुरभुरीत मिठायांत डुकराची चरबी वापरतात. त्या विचारूनच घ्या.

बोलायचं काय

आपल्याला एक मोठा फायदा आहे. स्पॅनिशमधले त आणि द दातांना जीभ लावून उच्चारतात, आपल्यासारखेच. ट आणि ड करू नका. स्वर लिहिल्याप्रमाणे. ‘एच’ अक्षराचा उच्चार नाही, ‘जे’चा ख, दोन ‘एल’चा य.

दुकानात शिरताना आधी अभिवादन, मग काम. न अभिवादन करता थेट इंग्रजीत प्रश्न टाकला तर तो उद्धटपणा वाटतो आणि समोरचा आक्रसतो. ‘बुएनोस दियास’ दुपारच्या जेवणापर्यंत, नंतर ‘बुएनास तार्देस’, अंधार पडल्यावर ‘बुएनास नोचेस’. एवढ्याने निम्मं काम होतं. बाकी ही वाक्यं मोठ्याने म्हणून सराव करा:

- पोर फावोर, ग्राथियास: कृपया, धन्यवाद
- एस्ता अबिएर्ता ला कोथिना?: स्वयंपाकघर चालू आहे का?
- ला क्वेंता, पोर फावोर: बिल द्या. मागितल्याशिवाय ते आणत नाहीत. ग्राहकाला उठवणं त्यांना असभ्य वाटतं.
- क्वांतो एस?: किती झाले?
- दोंदे एस्तान लोस सेर्वीथियोस?: स्वच्छतागृह कुठे आहे?
- मास देस्पाथियो, पोर फावोर: जरा सावकाश बोला
- मे द्वेले आकी: इथे दुखतंय

फोनमध्ये स्पॅनिशचं भाषांतर इंटरनेटशिवाय चालेल असं आधीच उतरवून ठेवा.

रेल्वे

माद्रिद-सेविया ही स्पेनची पहिली वेगवान रेल्वे, १९९२ची. माद्रिदहून कोर्दोबा पावणेदोन तास, सेविया अडीच तासांच्या आसपास, ग्रानादा साडेतीनच्या घरात. कोर्दोबा-सेवियाच्या मार्गावर सरकारी रेल्वे कंपनी रेन्फेशिवाय इतर कंपन्यांच्या गाड्याही धावतात, म्हणून दर तपासून बघा. महिना-दीड महिना आधी घेतलेलं तिकीट शेवटच्या आठवड्यातल्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

तिकिटाच्या अर्जात नाव भरताना आपल्याकडची माणसं गोंधळतात. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, वडिलांचं आणि आईचं, म्हणून फॉर्मवर ‘प्रिमेर आपेयीदो’ आणि ‘सेगुंदो आपेयीदो’ असे दोन रकाने येतात. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच ओळीत असतं. ती अख्खी ओळ ‘नोम्ब्रे’, म्हणजे नावाच्या रकान्यात टाका, आडनाव पहिल्या रकान्यात, दुसरा रिकामा सोडता आला तर सोडा. मधलं नाव दुसऱ्या आडनावात घालू नका.

माद्रिदच्या आतोचा स्टेशनवर वेगवान गाड्यांसाठी सामान यंत्रातून जातं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. ‘बिया’ म्हणजे फलाट. त्याचा क्रमांक पाटीवर सुटण्याच्या थोडा आधीच उमटतो. ‘कोचे’ म्हणजे डबा, ‘प्लाथा’ म्हणजे आसन. रेन्फेच्या वेगवान गाडीच्या तिकिटावर ‘कोंबिनादो थेर्कानियास’ असा संकेतांक असतो. स्टेशनवरच्या यंत्रात तो टाकला की त्या प्रवासाला जोडून लोकलचं तिकीट फुकट निघतं. विमानतळाच्या चौथ्या टर्मिनलहून आतोचाला लोकल आहे, म्हणजे तिथेही ते चालतं.

आधीच काढायची तिकिटं

आल्हांब्राचं तिकीट विमानाच्या पाठोपाठ काढा, कारण ते कित्येक आठवडे आधी संपतं. तिकिटावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो, आत जाताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. आतल्या नासरी राजवाड्यांत शिरायची वेळ ठरलेली आणि ती पाळतातच. मुख्य तिकीटघरापासून राजवाड्यांपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. तिकीट हातात असेल तर ‘पुएर्ता दे ला खुस्तीथिया’ या दारानं शिरा, ते जवळ आहे. शहरातून सी-३० ही मिनीबस वर जाते. आईवडिलांना चढ चालवू नका.

कोर्दोबाची मशीद-कॅथेड्रल सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट असते. पैशांपेक्षा शांततेसाठी तेव्हा जा; त्या वेळी गटांना आत सोडत नाहीत आणि खांबांच्या रांगा मोकळ्या बघता येतात. माद्रिदचं प्रादो चित्रसंग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ विनामूल्य. तिथलंच रेइना सोफिया कलासंग्रहालय, जिथे पिकासोचं ‘गेर्निका’ आहे, मंगळवारी बंद. आंदालुसियातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद.

पैसे

कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी वीस-तीस युरो सुटे खिशात ठेवा. यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर नेहमी युरो. रुपये निवडले की वाईट दराने वळते होतात. किमतीत स्वल्पविराम म्हणजे दशांश आणि टिंब म्हणजे हजार, त्यामुळे १.२५० म्हणजे साडेबाराशे. टिप सक्तीची नाही. पावाचे पैसे वेगळे लागू शकतात.

चोरी आणि आजारपण

हाणामारीची भीती कमी, खिसेकापूंची जास्त. माद्रिदचा सोल चौक, रविवारचा रास्त्रो बाजार, गर्दीची मेट्रो ही त्यांची ठिकाणं. बाहेरच्या टेबलावर फोन ठेवू नका, बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवू नका. ग्रानादा-सेवियात कॅथेड्रलपाशी बायका रोजमेरीची काडी हातात कोंबून भविष्य सांगतात आणि पैसे मागतात. हात खिशातच ठेवून ‘नो, ग्राथियास’ म्हणत पुढे चला.

चोरी झालीच तर पोलिसांत ‘देनुन्थिया’, म्हणजे तक्रार नोंदवा. विम्याला आणि नव्या पासपोर्टला तिची प्रत लागते. माद्रिदमध्ये लेगानितोस रस्त्यावर १९ क्रमांकाला परदेशी पर्यटकांसाठी वेगळी पोलीस सेवा आहे. भारतीय दूतावास आवेनीदा पियो दोथे, ३०-३२ इथे आहे. आणीबाणीचा क्रमांक ११२, सगळ्यासाठी एकच.

बारीकसारीक दुखण्याला आधी हिरव्या क्रॉसच्या पाटीखालचं औषधाचं दुकान गाठा. फार्मसिस्ट शांतपणे ऐकून घेतात. रात्री बंद असेल तर दारावरच त्या रात्री उघड्या असलेल्या दुकानाचा, ‘फार्मासिया दे ग्वार्दिया’चा पत्ता लावलेला असतो. गंभीर असेल तर ‘उर्खेन्थियास’ (तातडीचे उपचार) अशी पाटी शोधा, आणि विमा कंपनीला ताबडतोब फोन करा. उपचार झाल्यावर कळवलं तर पैसे मिळवायला त्रास होतो.

परतताना

खरेदीवरचा कर युरोपबाहेरच्या रहिवाशांना परत मिळतो, आणि स्पेनमध्ये २०१८पासून त्याला किमान खरेदीची अट नाही. बहुतेक वस्तूंवर तो २१ टक्के आहे. दलाली वजा जाऊन हातात त्यापेक्षा कमी येतात. खरेदी करतानाच पासपोर्ट दाखवून ‘दिवा’चा, म्हणजे करपरताव्याच्या तिथल्या संगणकीय पद्धतीचा कागद मागा, साधी पावती चालत नाही. विमानतळावर मोठी बॅग देण्याच्या आधी ‘दिवा’च्या यंत्रावर तो कागद स्कॅन करा, कारण अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतात. वाटेत दुसऱ्या युरोपीय देशात विमान बदलणार असाल तर युरोपातून जिथून शेवटचं बाहेर पडता तिथे शिक्का घ्यावा लागतो, पण बॅग थेट मुंबईपर्यंत जात असेल तर हे काम स्पेनमध्येच उरकायचं असतं. त्यासाठी विमानतळावर तासभर जास्त ठेवा.